एक सीट रद्द

सायप्रस, दहा दिवस नऊ रात्री,
रानफुलं आणि पक्षी, मार्चअखेर.
माहितीपत्रक मीच लिहिलेलं,
दादरला, पोर्तुगीज चर्चसमोरच्या पोटमाळ्यावर,
कधी न पाहिलेल्या बेटाबद्दल:
'पावलोपावली फुलांचे गालिचे.'

कुमुदिनी विजयकरांचा फोन आला.
गालिचे काढा, म्हणाल्या.
गालिच्यावर माणसं चालतात.

मग स्वतःच आल्या. आडव्या होत, कठड्याला धरून,
एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत.
एकोणचाळीस वर्षं शाळेत जीवशास्त्र.
लाल पेन्सिलीनं पत्रक तपासलं.
'हे ऑर्किड मधमाशीसारखं दिसतं',
खाली रेघ. का दिसतं ते लिहा.
नर फसतो, मादी समजून बसतो,
हाती काही लागत नाही,
परागाचं गाठोडं तेवढं कपाळाला चिकटतं.
मी म्हटलं, बाई, आमचा धंदाही असाच आहे.
तेव्हा हसल्या.

फेब्रुवारीत पोस्टकार्ड:
'माझी सीट रद्द करावी. कारण गुडघे.
तिथली फुलं वीतभर उंचीची.
भेटायचं तर जमिनीवर बसावं लागणार,
आणि मी बसले तर मला उठवायला
आपला अख्खा ग्रुप यावा लागेल.'

नियमाप्रमाणे साठ टक्के कापून
चेक द्यायला मी ठाकूरद्वारला गेलो.
त्यांनी तो न बघताच पर्समध्ये टाकला.
वेळ आहे? मग टॅक्सी थांबव.

राणीची बाग. पेंग्विनच्या रांगेकडे पाठ करून
आम्ही मागच्या भिंतीपर्यंत चालत गेलो,
म्हणजे अर्धा तास.
तिकडे पाऊस थंडीत पडतो, त्या सांगत होत्या,
म्हणून उन्हाळा यायच्या आत
कंदाकंदांतून जमीनच घाईनं फुलून येते.
आपल्याकडे या दिवसांत खाली काय? धूळ.
इथला वसंत वरच्या मजल्यावर राहतो,
पानंबिनं न घालता.

मग बघा ना वर, मी म्हटलं.
त्यांनी पदर सारून मानेचा पट्टा दाखवला.

आणि पर्समधून काढला हातआरसा,
कडेचा पारा उडालेला,
मागे कुठल्याशा सोन्याचांदीच्या पेढीचं अर्धं नाव.
पोटाशी आडवा धरला, नैवेद्याचं ताट धरावं तसा.
आरशात काटेसावर.
एक पान नाही. मांसल लाल फुलं,
आणि फुलांत तोंड खुपसून भोरड्या,
गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या, शंभर तरी,
नळावर भांडावं तशा भांडणाऱ्या.

एप्रिलात जातील या, बाई म्हणाल्या,
तुझं बेट डाव्या हाताला ठेवून, पार वर,
गवताळ मुलखात, पिल्लं काढायला.

मी मान वर केली. ऊन डोळ्यांत, फांद्या,
नीट काही दिसेना.
आरशात मात्र सगळं वीतभर, आणि थरथरणारं.
थरथरत होता त्यांचा हात.

एक फूल पडलं. धप्प.
उचल, त्या म्हणाल्या. मी वाकलो.
आत मुंग्या होत्या, तळाशी थोडंसं पाणी,
आणि इतके पुंकेसर की मोजायला लावले
आणि मी दोनदा चुकलो.
वाकता येतं तुला, त्या म्हणाल्या,
आणि तू नुसती पत्रकं लिहितोस.

गालिचे काढले मी.
त्या जागी लिहिलं: 'फुलं वीतभर. वाकावं लागेल.'
बावीस जणांचे सोळा झाले,
मालक दोन दिवस बोलले नाहीत.

सोळा जणांना विमानतळावर सोडून
पहाटे परत येताना
टॅक्सीच्या आरशात मागचं आकाश बघत राहिलो.
ड्रायव्हरनं विचारलं, कोणी मागे येतंय का, साहेब?