करकर

तात्यांच्या चपला करकरायच्या.
गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की
गोट्या खिशात, पुस्तक मांडीवर.
पमीनं हे हेरलं.
सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले;
त्या फटीतून हुबेहूब तात्या काढायची.
एकाच दुपारी चारदा भूगोल उघडला मी,
चारदा ती दारामागं लोळून हसली.
पाचव्यांदा मी जागचा हललो नाही.
पाचव्यांदा तात्याच होते.

आणि ते दुधाचं.
गंगावेशीतून किटली आणायची पाळी तिची.
वाटेत निम्मी पोटात,
रिकामी जागा रंकाळ्यानं भरलेली.
आई पातेल्यात ओतते तर काय,
बोटभर मासा. जिवंत!
"पमेऽऽ!"
ओठावरची पांढरी मिशीही न पुसता ती म्हणाली,
"म्हस दिसभर तळ्यात डुंबती,
मग ईलच की एखादा."

आईला रागवायचं होतं,
पण पदर तोंडात कोंबून ती परड्यात गेली.
मार मला मिळाला,
थोरल्यानं लक्ष ठेवायचं असतं म्हणून.
मासा बरणीत तीन दिवस जगला.
पमीनं त्याला नाव माझंच ठेवलेलं.
"बाळ्या मेला," असं गल्लीभर ओरडत गेली,
तेव्हा शेजारच्या इंगवले काकू
भाकरी तव्यावर टाकून धावत आल्या.

आता तात्या नाहीत.
पमीला दात सगळे आहेत,
फटीशिवायही जमतं तिला.
परवा रात्री फोन उचलला, पलीकडं नुसतं
कर्र... कर्र...
पन्नाशीचा मी,
टीव्ही बंद करून ताठ बसलो.