पाइपाचा गुडघा

तीन आठवडे झाले, बेसिन पाणी पितच नाही.
एदुविना दात घासून कामावर जाते
आणि परत येते तेव्हा कडेनं एक राखाडी वळ,
ओहोटीनं मागे सोडलेला असतो तसा.
सोडा टाकून झाला. व्हिनेगर ओतलं,
फसफसलं, निवलं.
किटलीभर उकळत्या पाण्यानं
फक्त आरसा धुरकटला.

दोष तिनं स्वतःच्या केसांवर घेतला.
चाळिशीनंतर गळतातच. उशीवर सापडतात,
कारखान्यात खेकडे सोलताना टोपीच्या आत सापडतात.
"माझंच आहे हे सगळं," ती म्हणाली,
कुणी विचारलं नसताना.

रविवार. पुंता अरेनासचा वारा
छपराचा पत्रा धरून हलवतोय.
खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या कुस्तोदियोनं पाना दिला
आणि त्यासोबत तीन मिनिटांचा सल्ला:
डावीकडे फिरव, जोर करू नकोस, बादली आधी ठेव.

बादली तिनं आधी ठेवली.

गुडघे टेकून तिनं पाइपाचा गुडघा सोडवला.
आटे आधी अडून बसले, मग एकदम ऐकायला लागले,
आणि बदकन पडलं ते:
काळं, बुळबुळीत, वास असा की मान फिरवावी.
हँगरच्या तारेचा आकडा करून तिनं उरलंसुरलं ओढलं.
साबणाचा चिकटा.
कानातल्याची फिरकी, जिच्यासाठी
गेल्या वर्षी अख्खं घर झाडलं होतं.
तिचे केस, हो, चार-सहा, लांब.
आणि बाकीचे सगळे
आखूड.

जुन्या वर्तमानपत्रावर पसरून ती बघत राहिली.
मुंगीच्या पायाएवढे. राठ नाहीत अजून.
या घरात दाढी करणारा माणूस
नऊ वर्षांपूर्वी बोटीवर चढला
आणि दुसऱ्याच कुठल्या बंदरात उतरला.

म्हणजे एलिसेओ.
म्हणजे दार लावून, नळ मोठा सोडून.
कधीपासून?
गाल आतून जिभेनं फुगवायचा, हे कुणी दाखवलं त्याला?
आणि वस्तरा कुठला?
तिचाच की काय, तो गुलाबी?

या विचारात तिनं बादली उचलली
आणि सवयीनं बेसिनमध्येच रिकामी केली.

पाणी या वेळी जराही अडलं नाही.
सरळ आलं, तिच्या सपातांत,
पायपुसण्यावर, कुस्तोदियोच्या पान्यावर.
तिनं हासडली ती शिवी रविवारची नव्हती.

मुलगा धावत आला. हसला,
आणि हसता हसता आवाज त्याचा
वरच्या पायरीवरून घसरून थेट तळघरात गेला.
हनुवटीखाली टॉयलेट पेपरचा कपटा,
मधोमध लाल ठिपका.
त्यानं वर्तमानपत्र पाहिलं.
तिच्याकडे नाही पाहिलं.

मिसरूड फुटलं आणि बोलला नाहीस, असं काहीतरी
तिच्या घशापर्यंत आलं, तिथंच तुंबलं.
"फडकं आण," ती म्हणाली.

दोघांनी पुसलं. गुडघा त्यानं बसवला,
तिच्यापेक्षा एक फेरा जास्त घट्ट.
नळ सोडला. पाणी गरगरत गेलं
आणि शेवटी जेवण झालेल्या माणसासारखं ढेकरलं.

"यापुढे आधी कागदानं पुसून घे, मग नळ सोड.
आणि वरून खाली फिरव. उलटा नाही."
"तुला काय माहीत?"
"पाय," ती म्हणाली,
आणि फडकं पिळत राहिली, त्यातलं पाणी संपलं तरी.

पाना परत करायला तो खाली गेला.
जिन्यातून कुस्तोदियोचा आवाज येत राहिला,
गरम पाणी, साबण, मानेखालची अवघड जागा.
तीन मिनिटांचा सल्ला
या वेळी पाऊण तास चालला.