खारट हात

साडेतेरा डॉलरचा डबा, रंग मॅट काळा.
हार्डवेअरच्या दुकानातला डेल म्हणाला,
"व्हर्ना, जुन्या बंदुकीला निळाईच शोभते."
म्हटलं, निळाई उरलीये कुठे?

वडलांचा हात खारट होता.
असतात अशी माणसं. त्यांचा घाम लागला
की रात्रीत पोलाद तांबूस होतं.
आई सुया लपवायची त्यांच्यापासून.
कात्री मागितली तर म्हणायची,
काय कापायचंय ते इकडे द्या, मी कापते.
तांब्याच्या खाणीत मुकादमाने त्यांना
हत्यारांच्या कोठीवर ठेवलं, एकच दिवस.

ही रायफल मात्र कोणी काढून घेतली नाही.
चाळीस नोव्हेंबर,
सरोवरावरून आडव्या येणाऱ्या बर्फात,
पहाटे चारला, खिशात वेलदोड्याच्या पावाचा तुकडा,
हातात ही, जिथे तोल सापडतो तिथे धरलेली:
चापाच्या पुढे, चार बोटं खाली, अंगठा वर.
तिथेच खाल्ली गेलीये.
हात फिरवला की लागतात बारीक खड्डे,
देवी येऊन गेलेल्या गालासारखे.

आर्वोला नको होती. त्याच्या पोरांनाही नको.
जमीन, होडी, बर्फ उपसायचं यंत्र,
सगळ्यावर भांडलो आम्ही तिघं भावंडं.
हिच्यावर कोणी भांडलं नाही.

तर आता गॅरेजात
सुटे भाग तारेच्या आकड्यांना टांगलेत,
वाळत घातलेल्या माशांसारखे.
गंज खरवडला. ॲसिटोनने तीनदा पुसलं.
डब्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय:
यापुढे उघड्या हाताने शिवू नये.
एकदम सोवळं.
मला हसू आलं, आणि मी रबरी मोजे चढवले,
कारण हात माझाही तोच.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवतेय,
दर दोन वर्षांनी मनगट
घड्याळाची पाठ खाऊन टाकतं.

डबा एक मिनिट हलवायचा.
आत गोळी खडखडते.
शेवटच्या वर्षी घरात दोन तऱ्हेच्या गोळ्या होत्या,
एकाच खणात. आर्वो म्हणाला, एक तरी हलव.
मी हृदयाच्या हलवल्या.

केस वाळवायच्या यंत्राने पोलाद कोमट केलं,
ताप उतरू लागलेल्या बाळाच्या कपाळाइतकं.
मग पातळ थर. थांबायचं. मग आडवा थर.
घाई केली की ओघळ येतो,
आणि ओघळ जन्माचा.

अंगणातल्या विक्रीत तीन डॉलरला मिळालेला टोस्टर ओव्हन.
तीनशे अंश, एक तास.
असा वास सुटला की कुत्री उठली
आणि बाहेर बर्फात जाऊन बसली.
मी दार किलकिलं करून, कोट घालून,
काचेतून बोल्टकडे बघत उभी.
टिंग. जणू पाव झाला.

गार झाल्यावर जोडली.
चकाकी नाही. खड्डे आहेत तिथेच,
पण पोपड्यांवर चुना फासावा तसे, गप्प.
मोजे काढले
आणि धरली, जिथे तोल सापडतो तिथे.
बराच वेळ. मुद्दाम.

सकाळी दिवा लावून पाहिलं.
काही नाही.
ठसा नाही, तांबूस नाही.
आमच्या घरातल्या कोणाचा हात
या पोलादाने पहिल्यांदाच
मनाला लावून घेतला नव्हता.

डबा अर्धा उरलाय.
शिवणाच्या पेटीत आईची कात्री आहे,
तिच्या कडीवर एक तांबूस अंगठा.
म्हणजे केव्हातरी, आई घरात नसताना,
त्यांनी काहीतरी कापलं होतं.
काय, ते आता कोण सांगणार.

डबा हलवून पाहिला. खडखडला.
फळीवर ठेवून दिला.
उन्हाळ्यात खुर्च्यांना होईल.