वरचा थर

दिवाळीला अजून अकरा दिवस.
हरभट रोडला चौगुल्यांच्या दुकानात
काउंटरमागं मी, अंगात कंपनीचा निळा टी-शर्ट,
पाठीवर छापलंय: गेम फुकट.
म्हणजे मी वळले की जाहिरात सुरू होते.

शेठ म्हणतात, यात वावगं काय?
भडंगवाला पुडी बांधता बांधता
मूठभर हातावर ठेवतोच की.
भाजीवाली कढीपत्त्याची काडी टाकते,
ती काय बिलात लावते?
मला पटलं होतं.
पहिल्या आठवड्यात एकोणीस फोन गेले.

मग सुगंधा मगदूम आल्या.
तासगावकडच्या शेडवर बेदाणा निवडायला जातात,
बोटांच्या पेरांत गंधकाचा वास,
रुमालात बांधलेले पैसे, घरी दोनदा मोजलेले,
इथं तिसऱ्यांदा.
बॅटरी टिकावी, अक्षरं मोठी दिसावीत,
शेडवरच्या पंख्यांच्या घरघरीत आवाज ऐकू यावा,
एवढंच मागणं.
पोरगा सन्मती, वय नऊ,
पोस्टरवरच्या तलवारवाल्यापुढं
काचेला नाक लावून उभा.

त्याच किमतीत दुसरा एक फोन होता.
दिसायला बेताचा. बॅटरी दीड दिवस जाणारी.
त्याच्यावर गेम नव्हता,
आणि मला दीडशे रुपयेही नव्हते.

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं:
पाचशेचा गेम, तुमच्याकडून एक पैसा न घेता.
सुगंधाबाईंनी फोन उलटा केला,
सुलटा केला,
आणि विचारलं,
"ताई, ह्यो वरचा थर हाय का?"

मला कळलं नाही.

"आमी पेटी भरतो न्हवं,
तवा वरच्या थराला हिरवा, लांबडा, एकसारखा माल लावायचा.
खाली काय हाय ते गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतंय.
खोटं काय न्हाई त्यात.
वरचाबी बेदाणाच की."

माझे वडील मार्केट यार्डात हळदीचे तोलार.
परखी खुपसतात ती पोत्याच्या मधोमध,
कधी पार बुडाशी.
नमुना पोटातनं आला पाहिजे, म्हणतात,
तोंडाशी ठेवलेला नमुना म्हणजे
नटवून बसवलेला नवरदेव.

आणि माझ्या स्वतःच्या फोनात
तोच गेम. आठव्या दरवाजापर्यंत फुकट.
नवव्याची किल्ली एकोणनव्वद रुपयांना.
मी तीन किल्ल्या घेतल्यात,
आईला रिचार्ज सांगून.

भडंगाची मूठ खाऊन संपते.
ती रात्री दोन वाजता उशाशी उजळून
विचारत नाही:
कुठं आहेस? शत्रू वेशीवर आलाय.

मग सांगितलं का मी?
अर्धं सांगितलं.
आठ दरवाजे सांगितले, किल्ली सांगितली,
दीडशे रुपयांचं राहूनच गेलं.
म्हणजे राहिलं नाही, ठेवलं.
वडिलांना हे माप दाखवलं
तर ते काटा झाकून घरी जातील.

त्यांनी बेताचा फोन घेतला.
सन्मती रडला नाही, तेच वाईट.
डबी आणायला मी कपाटाकडं वळले
तर माझ्या पाठीवरची अक्षरं
त्यानं एकेक करून मोठ्यानं वाचली
आणि आईला विचारलं,
"मग ही ताई खोटं घालून फिरती?"

"गप रं," त्या म्हणाल्या.
एवढंच. दुसरं काही नाही.
बिल घडी करून रुमालात बांधलं,
त्याच गाठीत.

शेठनी नंतर विचारलं, गिऱ्हाईक का फिरलं?
मी म्हटलं, बॅटरी.
नोकरी सोडली नाही, टी-शर्टही नाही,
अकरा दिवसांचं टार्गेट आहे,
आणि नववा दरवाजा तसाच बंद.
फक्त दुकानात लहान मूल असलं
तर वरच्या फळीचा माल
दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगते.
पाठ भिंतीला लावून उभी राहते.