वर्णनाप्रमाणे नाही

तक्रार आली रात्री अकराला.
मी शेगडीपाशी पाय शेकत बसले होते.
"स्वेटरला वास येतो."
एवढंच. खाली एक तारा, पाचांपैकी एक,
आणि नॉर्विचच्या कुणा फिलिपाचं नाव.

अन्स्ट बेटावरून नॉर्विच गाठायला
पार्सलला तीन बोटी लागतात, एक रात्र समुद्रावर,
शिवाय पोस्टमन अर्टीची मर्जी.
एवढ्या खस्ता खाऊन
वास पोचला.

मॅग्नीचे सात स्वेटर विकायला काढले होते,
सगळे आईच्या हातचे.
खिडकीच्या उजेडात फोटो घेतले: छाती, पाठ,
डाव्या कोपरावरचं रफू अगदी जवळून,
मागाहून कटकट नको म्हणून.
मापं दोनदा घेतली.
वासाचा रकानाच नव्हता.

आधीच्या तक्रारी हसत निभावल्या.
एक म्हणाला, फोटोत निळा, हातात राखाडी.
मी लिहिलं, आमचा समुद्रही असंच करतो, पैसे परत पाठवते.
एकीनं विचारलं, बाह्या इतक्या लांब कशा?
काय सांगू? चाळीस वर्षं दोर ओढून
माणसाचे हात लांबतात की नाही, ठाऊक नाही,
पण आई दर हिवाळ्यात दोन ओळी जास्त विणायची.
तिला मी बाही उसवून आखूड करायची रीत कळवली.
तिनं पाच तारे दिले.

पण वास?
उरलेले पेटीतून काढले, नाक खुपसलं.
काहीच नाही. घरातली हवा, बस.
तिकडे ॲप विचारतंय: मान्य? अमान्य?
की थोडे पैसे देऊन मिटवता?
अठ्ठेचाळीस तास.
"घरात धूम्रपान नाही" या चौकोनात मी खूण केली होती.
मॅग्नी पाइप ओढायचा तो गोठ्यात. बोटीवर.
आणि मला कळत नाही असं समजून
न्हाणीघरात.

पहिलं उत्तर लिहिलं, चांगलं झणझणीत. खोडलं.
दुसऱ्यात तो गेल्याचं आलं.
तेही खोडलं. असलं काही
गिऱ्हाइकाच्या पदरात टाकू नये,
बाईनं स्वेटर मागवला होता.
शेवटी लिहिलं: माफ करा, चूक माझी. परत पाठवा,
टपालखर्च मी देते.
एक विचारू? कसला वास?

दोन दिवसांनी लांबलचक उत्तर.
"धूर, पण लाकडाचा नाही, मातीचा जळल्यासारखा.
वर तंबाखू, गोडसर, मनुकांच्या जवळ जाणारा.
तळाशी मेंढी. थोडं डांबरही असावं.
वाईट नाही खरं तर.
नवरा म्हणतो, कपाटात कुणीतरी उभं आहे असं वाटतं."

हे मी मोठ्यानं वाचलं.
ऐकायला किटली होती.

मंगळवारी अर्टी दारात. "आलं का परत?"
मी म्हटलं, गेलेलं सगळंच येतं असं नाही.
आत नीट घडी, पातळ पांढरा कागद आणि चिठ्ठी:
"दुसऱ्या कुणाला विकता यावा म्हणून
तीनदा धुऊन पाठवतेय."
लॅव्हेंडर.
नुसतं लॅव्हेंडर, बाहीच्या टोकापर्यंत.

धुतलेला माल परत घ्यायलाच हवा असं नाही,
नियमात तसं स्पष्ट आहे.
मी "मान्य" दाबलं. एकोणचाळीस पाउंड गेले.
तिचा राग नाही आला. यायला हवा होता बहुतेक.
स्वेटर खुर्चीच्या पाठीवर टाकला, इतरांपासून लांब.
आता तो कुणाचाही होता.

मग बाकीच्या पाचांची वर्णनं उघडली.
"धूम्रपान नाही"ची खूण काढली,
रफूच्या ओळीखाली नवी ओळ घातली:
वास: आहे.

आठवड्याभरात कुणीतरी विचारलं, कसला?
मी फिलिपाचे शब्द जसेच्या तसे उतरवून पाठवले,
धूर, मनुका, मेंढी, डांबर.
कपाटाचं तेवढं
ठेवून घेतलं.