बारा पट्टे

कूलरमध्ये दोन बादल्या ओतून बसलो आहे.
जयताळ्याच्या खोलीत रात्रीचे साडेअकरा,
बाहेर अजून अडतीस अंश,
आणि स्क्रीनवर सोनेगावचा विमानतळ
अर्धवट उगवलेला:
टर्मिनलला भिंती आहेत, छत नाही,
पाण्याच्या टाकीला पाय नाहीत,
वाऱ्याची पिशवी खांबाविनाच हवेत फुगलेली.

सॉफ्टवेअरची तक्रार एकच,
नोड क्रमांक एकशे सात कशालाही जोडलेला नाही.
तीन रात्री शोधतोय मी हा एकशे सात.

दिवसा घरोघर विजेच्या मीटरचे आकडे टिपतो,
रात्री धावपट्टी आखतो.
लांबी टाकायची, रुंदी टाकायची,
डांबर की काँक्रीट, एका टिचकीत ठरतं.
पांढऱ्या खुणा आपोआप येतात.

"अबे, हे कोनं मारले?"
मागे बाबा, हातात पाण्याचा तांब्या.
उन्हाळ्यात त्यांना झोप नसतेच.
"आठच पट्टे? पंचेचाळीस मीटरले बारा लागतेत ना बे.
सहा इकडे, सहा तिकडे. मोजून मारले मी."

तुळशीराम नंदेश्वर, ठेकेदाराचे पेंटर.
मस्टरवर अंगठा नाही, सही.
दर दोन वर्षांनी पाच रात्री
रनवे बंद व्हायचा आणि ते आत जायचे
दोरी, चुन्याची पुरचुंडी, पत्र्याचे साचे घेऊन.
दिवसभर तापलेलं डांबर
चपलेचा तळ ओढून धरायचं.
चारच्या आत सगळं वाळलेलं पाहिजे.
घरी आले की रॉकेलने हात धुवायचे,
तरी आमच्या वरणभाताला
थिनरचा वास असायचा.

मी खुर्ची दिली. बसले नाहीत.
मग कॅमेरा वर नेला,
तीनशे फूट, पाचशे,
सरळ खाली बघणारा,
आणि बाबा गप्प झाले.

नऊ मीटरचा असतो तो आकडा.
त्यावर उभं राहून वाचता येत नाही,
नुसता पांढरा बांध दिसतो, कुठेतरी वळत गेलेला.
अकरा वेळा बत्तीस लिहिलेल्या माणसाने
बत्तीस कधी पाहिलं नव्हतं.

"अस्सं दिसते काय?"
चष्मा बनियनला पुसला. पुन्हा पाहिलं.
"दोनचा पाय आखूड केला यानं.
अन् थांबायची रेघ उलटी हाय तुही.
अखंड जोडी थांबणाऱ्याकडे पाहिजे,
तुटक जोडी रनवेकडे.
उलटी मारली तं थांबन कोन?"

उलटी होती. फिरवली.
रेघेचं टोक ओढताना तिच्याखाली
एक सुटा बिंदू लाल चमकला.
एकशे सात.

"अन् हे इथं,"
त्यांनी बोट काचेवर टेकवलं,
"माह्या हातून डबा सांडला होता. पिवळा.
दोन दिवसांची रोजी कापली ठेकेदारानं.
घासू घासू हात सोलले, डाग काही गेला नाही."

आता तिथे वर दोनदा डांबर चढलंय.
कुठल्या नकाशात तो डाग
तेव्हाही नव्हता.

मी रंगांची पेटी उघडली.
पिवळा त्यांना पटेना. याहून गढूळ. याहून. हां, थांब.
केवढा? पंजाएवढा?
"परातीएवढा. अन् एका अंगानं ओघळलेला,
तिकडे उतार हाय ना."
तिकडे उतार आहे
हे मला माहीतच नव्हतं.

दीड वाजता फाइल बांधली. तक्रार नाही.
एक रिकामं एटीआर घेऊन निघालो,
टॅक्सीवेवरून हळू.
रेघेपाशी थांबलो,
टॉवरमध्ये कुणी नव्हतं तरी थांबलो.
पुढे तो डाग.
नाकाखालचं चाक त्यावर जाणार
एवढ्यात बाबांनी, उभ्या उभ्याच,
फरशीवरचा उजवा पाय
उचलून मागे घेतला.