तेवीस फ्रेम

आमच्या तळघरात, टोलीडोमध्ये, जिथे आधी
वॉशिंग मशीन होतं आणि माझे मासेमारीचे गळ,
तिथे लिओना बसते, सुती हातमोजे घालून,
आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांच्या अंगावरचे ओरखडे
एकेक करून पुसते.

वास व्हिनेगरचा. जिन्यावरूनच कळतं
की आज नवीन डबा उघडलाय.
लोणचं घालतेस का, मी विचारतो.
ती हसत नाही. विनोदाचं काम करणारी माणसं
घरी फारशी हसत नाहीत,
हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

दोन डिस्क, चौदा लघुपट, एक पुस्तिका.
सहाशे प्रती. तेवढ्याच खपतात.
पत्ते ती हाताने लिहिते: डुलूथ, बोईसी,
अल्बुकर्कचा एक पाद्री, जो दर वेळी दोन मागवतो
आणि कारण सांगत नाही.

तेरा तयार होते. चौदाव्यात खिंडार.
ऑर्विल टिंकम, ढगळ कोट, चिकटवलेली मिशी,
खिडकीची काच घेऊन शिडी चढतो.
खाली रंगारी, बादली, कुत्रा. पुढचं तुम्हाला कळलंच.
शिडी डुलते. टिंकम डुलतो. काच डुलत नाही.
इथे फिल्म तुटलेली.
आणि एकदम तो उभा, काच शाबूत, बादली डोक्यात.
मधलं पडणं कुणाकडेच नव्हतं.
शंभर वर्षं झाली, लिओना म्हणायची,
बिचारा अजून हवेतच आहे.

मी काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली.
पहिल्याच दिवशी तिला सांगितलं, ती काच नव्हे, साखर.
शेवटी शिंकेसरशी फुटते तेव्हा बघ.
खरी काच अशी सांडत नाही,
आधी जरा विचार करते.

मार्चमध्ये ऑस्टेंडहून एका दंतवैद्याचं पार्सल आलं.
घरी भिंतीवर दाखवायची ती बारकी फिल्म,
दोन चित्रांच्या मधोमध भोक असलेली,
आजोबांच्या कपाटातून निघालेली.
तिच्यात पडणं होतं. अख्खं.

टिंकम पडतो. देखणं पडतो. पाय वर, टोपी मागाहून,
काच छातीशी, तान्ह्या पोरासारखी.
आणि उठत नाही.

तेवीस फ्रेम. सव्वा सेकंद.
मिशी एका बाजूने सुटलेली, तोंड उघडं.
कुत्रा येऊन हुंगतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
चोविसाव्या फ्रेमला डोळे उघडतात,
आणि लगेच तो वेंधळा होतो, कामाला लागतो.

किती वेळा पाहिलं तिने, मी मोजलं नाही.
रात्री दोनला खालून मशीनची कुरकुर यायची.
ज्यांनी कापलं त्यांनी बरोबर कापलं, ती म्हणाली,
हसू तिथेच मरतं.
मग नको ठेवूस, मी म्हणालो.
तिने माझ्याकडे नाही,
माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे पाहिलं.

सत्त्याऐंशी साली मी पडलो, तीन नंबरच्या भट्टीवरून.
विसरलेला डबा द्यायला ती आली होती,
फाटकाबाहेर गाडीत बसून राहिली, आत सोडेनात.
सकाळी मी दारातून बाहेर पडलेला,
संध्याकाळी इस्पितळात, पाय टांगलेले.
तिच्याकडे एवढंच आहे.

पियानो वाजवायला डेट्रॉइटहून एमरिक येतो,
पोरगेलासा, बोटांना सदा पीनट बटरचा वास.
त्याने विचारलं, या एवढ्यात काय वाजवू?
ती म्हणाली, इथे तू पान उलट.

डिस्क गेल्या. महिन्याने अल्बुकर्कचं पत्र आलं,
नेटकं, थोडं रागावलेलं.
दोन्ही प्रती सदोष आहेत.
चौदाव्या चित्रपटात, शिडीनंतर,
क्षणभर अडकतं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून लिओना हसली,
हातमोजे डोळ्यांना लावून, पोट धरून,
इतकी की मला खाली उतरावं लागलं,
कठडा धरून, एकेक पायरी.

मग तिने नवीन दोन प्रती काढल्या,
पत्ता लिहिला, तिकिटं चिकटवली.
त्याही तिथेच अडकतील.